समुद्र नाही, तरी पाणी खारट
पीएचडीसाठी अकोल्याजवळच्या एका गावात विहिरीचं पाणी तपासत होतो. तिथल्या काकूंनी विचारलं, "समुद्र इतका दूर, मग आमचं पाणी खारट कसं?" माझ्या संशोधनाचा विषय नेमका हाच!

पूर्णेच्या खोऱ्यात काळ्या पाषाणावर नदीने आणलेल्या गाळाचे जाड थर आहेत. त्यात चिकणमाती भरपूर. तिच्यातून भूजल फार सावकाश सरकतं, त्यामुळे क्षार धुऊन जात नाहीत. हाच आपला खारपाणपट्टा.

पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतात. पाणी उकळून क्षार जात नाहीत, हे मात्र घरोघरी कळायलाच हवं.

तुमच्या विहिरीचं पाणी कसं आहे? काही शंका असतील तर जरूर विचारा.