कुंडलचे भाऊ आणि चिमठाण्याचा रस्ता

५ फेब्रुवारी २०२२ रोजी कुंडलचे कॅप्टन भाऊ गेले. रामचंद्र श्रीपती लाड, जन्म २२ जून १९२२. शंभरी साडेचार महिन्यांवर आली होती. गाव सांगली जिल्ह्यातलं, तरी खानदेशानं त्यांचं सुतक पाळावं असं मला मनापासून वाटतं.

इंग्रज राजवटीला झुगारून उभ्या राहिलेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारनं १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली शेकडो गावांचा कारभार चालवला. न्यायनिवाडे केले, धान्य वाटलं. त्याची लढाऊ फळी म्हणजे तुफान सेना, आणि भाऊ तिचे कॅप्टन. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. इंग्रजी मुलखात कारवाई करून पोरं संस्थानात परतली, की ब्रिटिश पोलिसांना सरळ आत शिरता येत नसे.

७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून तुफान सेनेनं पुणे-मिरज गाडी अडवली. गाडीत सरकारी पगाराची रक्कम होती. या कामगिरीला कुणी लूट म्हटलं की भाऊ अगदी म्हातारपणीही हरकत घ्यायचे. इंग्रजांनी आपल्याच लोकांकडून नेलेला पैसा आम्ही परत आणला, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९४४ रोजी, धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना आमच्या खानदेशातल्या चिमठाण्याजवळ अडवला गेला. रक्कम सुमारे साडेपाच लाख! त्या काळात एवढ्या पैशावर चळवळीचा केवढा खर्च भागला असेल. पुढाकार जी. डी. बापू लाडांचा, तेही कुंडलचेच, आणि जन्मही १९२२चाच. चारशेहून अधिक किलोमीटर दूरच्या मुलखात येऊन हे करायचं, तर आसरा देणारी, वाटा ठाऊक असलेली इथली माणसं लागणारच. अमळनेर भागातले डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई हे जोडपं या लढ्यात होतं. जमीन आधीच तयार होती. १९३६ साली काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन फैजपूरला भरलं होतं, अमळनेरच्या शाळेत साने गुरुजींनी शिकवलं होतं, आणि ९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारात शिरीषकुमार व त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले होते.

भाऊंच्या आयुष्यात हत्याराची वर्षं थोडी. स्वातंत्र्यानंतरची पाऊणशे वर्षं ते कुंडलच्या माणसांत राहिले, आणि मला त्यांचा हा दीर्घ काळ अधिक मोलाचा वाटतो. जून २०१७मध्ये महात्मा गांधींचे नातू गोपाळकृष्ण गांधी तुफान सेनेच्या जुन्या लढवय्यांच्या भेटीला आले होते. नोव्हेंबर २०१८मध्ये शेतकरी दिल्लीवर चालून गेले, तेव्हा भाऊ शहाण्णव वर्षांचे होते. प्रवास झेपणारा नव्हता. त्यांनी घरूनच संदेश पाठवला: तब्येत साथ देत असती, तर मीही तुमच्याबरोबर चाललो असतो.