डोंगर एक की अनेक?

मुळशी तालुक्यातील मुठा गावाभोवतीच्या सह्याद्रीकडे पाहून ‘डोंगर दिसतो’ म्हटले किंवा ‘डोंगर दिसतात’ म्हटले, तरी ‘डोंगर’ हे नाम तसेच राहते आणि संख्येची बातमी केवळ क्रियापद देते. दगड, बैल, उंदीर या अकारान्त पुल्लिंगी नामांचीही हीच रीत आहे. जपानी भाषेत जवळजवळ सर्वच नामे अशी असून तेथे क्रियापदही वचनानुसार बदलत नाही, त्यामुळे ‘यामा गा मिएरु’ या वाक्यातला डोंगर एक की अनेक, हे प्रसंगावरूनच ठरते. पुण्यात गेली अनेक दशके जपानी शिकवली जाते आणि त्या भाषेत अनेकवचनच नाही, असे सरधोपट विधान सहज केले जाते. वास्तविक अनेकत्व दाखवण्याची साधने तेथे आहेत, सक्ती मात्र नाही.

त्यांपैकी एक साधन द्विरुक्तीचे, म्हणजे शब्द दोनदा उच्चारण्याचे. ‘यामा’चे ‘यामायामा’ होते, ‘हितो’ म्हणजे माणूस, त्याचे ‘हितोबितो’, तर ‘कुनि’ म्हणजे देश, त्याचे ‘कुनिगुनि’. दुसऱ्या वेळी आरंभीचे व्यंजन पुष्कळदा मृदू होते. या रूपांतून नुसती संख्या नव्हे, तर विस्तार आणि ‘प्रत्येक’ हा भाव सूचित होतो, जसा तो मराठीतील गावोगाव, घरोघर या शब्दांतून होतो. म्हणूनच ‘तीन गावोगाव’ जसे म्हणता येत नाही, तसे ‘यामायामा’लाही नेमका आकडा जोडणे खटकते. अशी रूपे मोजक्याच शब्दांची होतात: ‘इनु’ म्हणजे कुत्रा, त्याची द्विरुक्ती कोणी करत नाही.

दुसरे साधन ‘ताची’ हा प्रत्यय, जो मुख्यतः माणसांना लागतो. ‘कोदोमोताची’ म्हणजे मुले, हे सरळ आहे. पण ‘तानाका-सान-ताची’ म्हणजे अनेक तानाका नव्हेत, तर तानाका आणि त्यांच्यासोबतचे लोक, अर्थात मराठीतील ‘पाटील मंडळी’.

आकडा सांगितला की नामाला काहीच करावे लागत नाही. ‘हजार माणूस जमला होता’ या मराठी बोलीतल्या वाक्यातही आकड्यानंतर नाम एकवचनीच राहते. जपानीत मात्र आकड्याला वस्तूच्या प्रकारानुसार गणकशब्द जोडावा लागतो, ‘तीन जण’मधल्या ‘जण’सारखा: तीन पेन्सिलींसाठी लांबट वस्तूंचा ‘साम्बोन’, तीन कागदांसाठी ‘सान्माई’, तीन पुस्तकांसाठी ‘सान्सात्सु’. शिकणाऱ्याची खरी दमछाक होते ती येथेच, अनेकवचनापाशी नव्हे.

आदरार्थी अनेकवचनाची गोष्ट आणखी वेगळी आहे. मराठीत एकच गुरुजी असले तरी ‘गुरुजी आले’ म्हणतात. जपानीत एका शिक्षकासाठी अनेकवचन येत नाही, तो मान ‘कुरु’ (येणे) याऐवजी ‘इराश्शारु’ हे आदरार्थी क्रियापद देते, आणि शिक्षक खरोखरच अनेक असतील तेव्हा ‘ताची’ बाजूला ठेवून अधिक अदबीचा ‘गाता’ हा प्रत्यय लावून ‘सेन्सेईगाता’ म्हटले जाते.