कोरणे, टाकणे, घालणे

तांब्यावर, दगडावर आणि लाकडावर अक्षर कोरले जाते, पण मराठीत भांड्यावर नाव 'घालतात' आणि जात्याला 'टाकी लावतात'. दळून दळून जात्याची तळी गुळगुळीत झाली की पाथरवट छिन्नी-हातोडीने तिच्यावर पुन्हा खाचा पाडतो, त्याला टाकी लावणे म्हणतात. कान आणि दातही कोरतात, आणि एखादी आठवण मनावर कोरली जाते.

ताम्रपटावर मजकूर बहुधा आधी शाईने लिहीत, मग कारागीर तो छिन्नीने खोदी. अक्षरे घासली जाऊ नयेत म्हणून पत्र्याच्या कडा अनेकदा उंच ठेवत. छपाईसाठी कोरायचे तर काम आणखी अवघड, कारण तिथे प्रत्येक अक्षर उलटे कोरावे लागते. काना डावीकडे, वेलांटी पाठमोरी! पुण्यात नाना फडणविसांच्या प्रोत्साहनाने एका तांबटाने असे गीतेचे पत्रे कोरायला घेतले. नानांच्या पश्चात ते काम मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने पुरे झाले आणि 1805 मध्ये गीता छापली गेली. मराठी मुलखातल्या मुद्रणाचा इतिहास सांगताना या तांबटाला पहिल्या ओळीत जागा हवी.

घरातली जुनी पितळी भांडी मोडीत घालण्याआधी त्यांच्यावरची नावे वाचा. ठिपक्याठिपक्यांनी घातलेले आजीचे नाव, लग्नाची तारीख, 'मामांकडून भेट' हे सारे एका वहीत उतरवून ठेवा.