हवेतून आत काय गेले?

दुपारी साडेतीनला पहिली पाळी सुटली की लालबागच्या आमच्या चाळीचा जिना पांढरा व्हायचा. ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यातली माणसे दारात उभी राहून आधी अंग झटकत, मगच आत येत. आमचे अण्णाही तसेच. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, बनियनच्या शिवणीत कापसाची तूस. आई ती ओल्या फडक्याने पुसून काढी. बाहेर दिसत होती ती अशी निघून जाई. आत गेलेली कशी ओळखायची, हा प्रश्न त्या वयात मला पडला नव्हता. पुढे माझी सगळी नोकरी मात्र त्याच प्रश्नावर झाली. फक्त माणसाच्या नव्हे, तर विमानाच्या इंजिनाच्या बाबतीत.

माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून पदविका घेऊन मी १९७८ साली सांताक्रूझच्या एका हँगरमध्ये लागलो. ही संस्था १८८७ साली निघाली तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना तंत्रज्ञ पुरवणे हे तिचे एक मुख्य काम होते. गिरणगावातल्या मुलाने तिथे शिकून गिरणीऐवजी विमानतळ गाठावा, हा काळाचा महिमा. हँगरमध्ये माझ्या वाट्याला बोअरस्कोपचे काम आले. डॉक्टर घशातून दुर्बीण घालून पोट तपासतात, तसे इंजिनाच्या पोटात बारीक नळी घालून पात्यांची अवस्था पाहायची आणि वहीत नोंदवायची.

हे पाहणे का लागते ते आधी सांगतो. प्रवासी विमानाचे मोठे इंजिन उड्डाणाच्या वेळी एका सेकंदाला टनभराहून अधिक हवा ओढून घेऊ शकते. माणूस दिवसभरात साधारण दहा-बारा हजार लिटर हवा घेतो. तिचे वजन भरते जेमतेम बारा-पंधरा किलो. म्हणजे आपण तीन महिन्यांत जेवढा श्वास घेतो, तेवढा हे यंत्र सेकंदात घेते. वाचक विचारतील, मग तोंडाला जाळी का लावत नाहीत? काही हेलिकॉप्टरांना गाळण्या असतात. पण एवढ्या हवेच्या वाटेत गाळणी धरली तर दाब घटतो, जोर कमी होतो, आणि गाळणीवर बर्फ धरले तर इंजिनाचा गळाच आवळला जातो. म्हणून विमानाचे इंजिन उघड्या तोंडाने श्वास घेते. जे हवेत असेल ते आत जाते.

आत जाणारे पाहुणे तीन जातींचे. पहिली जात ठोस वस्तूंची: पक्षी, धावपट्टीवरचा खडा, कुणाच्या हातून पडलेला बोल्ट. हे पाते वाकवतात किंवा तोडतात. पक्ष्यांचा प्रश्न मुंबईला चांगला ठाऊक आहे. फोर्टातल्या हॉर्नबिल हाऊसमधल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या दशकात देशातल्या विमानतळांवरील पक्ष्यांचा अभ्यास हाती घेतला, त्यात डॉ. सालिम अली यांचाही सहभाग होता. विमानतळाभोवती कचरा आणि मांसाचे तुकडे पडले की घारी येणारच; बंदुकीपेक्षा स्वच्छता अधिक उपयोगी, हे त्या शास्त्राचे साधे सार.

दुसरी जात वाळू आणि धुळीची. आखातातून येणाऱ्या विमानांची इंजिने आम्ही उघडायचो तेव्हा पुढच्या पात्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासल्यासारख्या दिसत. एका दिवसात काही होत नाही. हजार फेऱ्यांनंतर पात्याचा आकार बदलतो आणि त्याच कामाला इंधन जास्त लागू लागते. तिसरी जात सर्वांत कपटी: वितळणारी धूळ. ज्वालामुखीची राख म्हणजे खरे तर काचेचा आणि खडकाचा चुरा. तो साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतो, आणि इंजिनाच्या दहनकक्षातले तापमान त्याहून पुष्कळ वर असते. थंड भागातून राख धूळ म्हणून जाते, गरम भागात पाक होते आणि पुढच्या टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन चिकटते. पाती थंड ठेवण्यासाठी त्यांना सुईच्या अग्राएवढी भोके असतात, तीही बुजतात.

इथे कणाचा आकार महत्त्वाचा ठरतो. इंजिनाच्या तोंडाशी फिरणारा पंखा जड कणांना बाहेरच्या अंगाला भिरकावतो. ते गाभ्याला वळसा घालून जाणाऱ्या हवेबरोबर निघून जातात. अगदी बारीक कण मात्र हवेचा हात सोडत नाहीत, ते थेट गाभ्यात शिरतात. माणसाच्या बाबतीतही तेच. मोठी तूस नाकाच्या केसांत आणि घशात अडकते. डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसाच्या तळाशी जाते. आईच्या फडक्याला जे सापडत होते ते तुलनेने निरुपद्रवी होते.

१९८२ हे साल गिरणगाव विसरणार नाही. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि भोंगे थांबले. अण्णा घरी बसले. त्याच वर्षी २४ जूनला, संप सहाव्या महिन्यात असताना, ब्रिटिश एअरवेजचे एक ७४७ विमान लंडनहून मुंबई, मद्रास करत क्वालालंपूरला पोहोचले आणि तिथून पर्थकडे निघाले. विमानात २४८ प्रवासी आणि १५ कर्मचारी होते. रात्री जावाच्या दक्षिणेला ३७,००० फुटांवर वैमानिकांना समोरच्या काचेवर निळसर-पांढरी चमक नाचताना दिसली. इंजिनांची तोंडे आतून दिवा लावल्यासारखी उजळली. रडारवर काहीच नव्हते. मग एकामागून एक चारही इंजिने बंद पडली. सुमारे तेरा मिनिटे ते अवाढव्य विमान तरंगत खाली आले. राखेच्या ढगातून बाहेर पडल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली. कॅप्टन एरिक मूडी यांनी ओरखड्यांनी आंधळ्या झालेल्या काचेतून ते जाकार्ताला उतरवले. सगळे वाचले. कारण नंतर कळले: गालुंगगुंग ज्वालामुखीची राख. इंजिने बंद पडून थंड झाली तेव्हा पात्यांवरचा काचेचा थर ठिसूळ होऊन गळून पडला, म्हणून ती पुन्हा पेटली.

रडारला हा ढग का दिसला नाही? विमानातले हवामान रडार पावसाच्या थेंबांसाठी बनवलेले असते. एवढ्या लहान कणांवरून परत येणारा प्रतिध्वनी व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात बदलतो. कण दहापट लहान झाला तर त्याचा प्रतिध्वनी दहा लाख पट क्षीण. थेंब मिलिमीटरचा, राख त्याच्या शंभराव्या हिश्श्याची. रडारच्या लेखी ती रात्र स्वच्छ होती.

मात्र एका गोष्टीने राखेची वर्दी दिली होती, ती म्हणजे काचेवरची चमक. कोरडे कण वेगाने घासले की त्यांच्यावर विद्युतभार चढतो. केसांवर कंगवा घासल्यासारखेच. याच गुणाचा उपयोग पुढे शोधयंत्रात झाला. इंजिनाच्या तोंडाशी, आतल्या भिंतीत एक विद्युतग्राही पट्टी बसवतात. भारित कण जवळून गेला की पट्टीत क्षणभर अतिसूक्ष्म प्रवाह उमटतो. कण तिला शिवावा लागत नाही, हवेची वाट अडत नाही. तशीच दुसरी पट्टी धुराच्या वाटेवर. दोन्हींचे संकेत जुळवले की कळते: आत शिरले तेच बाहेर पडले, की इंजिनाचाच एखादा तुकडा झिजून निघाला? एफ-३५ या लढाऊ विमानाच्या इंजिनासाठी या पद्धतीवर बरेच काम झाले. अडचणीही आहेत. पाऊस आणि हिमकणही भार घेऊन येतात, त्यांचा गोंगाट वेगळा काढावा लागतो. आणि हे यंत्र सांगते ते कण आत शिरल्यावर.

आधी सांगण्याचे काम उपग्रह करतात. अवरक्त किरणांच्या ११ आणि १२ मायक्रॉनच्या दोन पट्ट्यांत पाहिले तर पाण्याचा किंवा बर्फाचा ढग एका बाजूला झुकतो आणि राखेचा दुसऱ्या. या फरकावरून नकाशे काढून वैमानिकांना इशारे देणारी नऊ केंद्रे जगभर आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियाच्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख येमेन-ओमानवरून वायव्य भारतापर्यंत आली, तेव्हा काही उड्डाणे रद्द झाली आणि राखेच्या वाटेवरून आलेल्या विमानांची इंजिने तपासली गेली. हे सगळे एकही इंजिन बंद पडण्यापूर्वी झाले. १९८२ पासून आपण एवढे शिकलो.

संपाच्या त्या पावसाळ्यात मी जाकार्ताची हकीगत अण्णांना सांगितली. त्यांना तिचे फारसे नवल वाटले नाही. म्हणाले, "आमच्या खात्यातही नळ्यांतून हवाच वाहते. गासडीची लोखंडी पट्टी तुटून आत गेली तर बीटरवर ठिणगी पडते, खाते पेटते. म्हणून वाटेत लोहचुंबक असतो." मी म्हटले, आमच्याकडेही इंजिनाच्या तेलात लोहचुंबक असतो, झिजलेल्या लोखंडाचा कीस पकडायला, तो काढून बघतात. त्यांनी विचारले, "आणि बघितलेले लिहून ठेवतात?" मी सांगितले, प्रत्येक इंजिनाची जन्मापासूनची वही असते. किती तास चालले, आत काय सापडले, कोणी पाहिले, सही कोणाची. इंजिन एका विमानावरून दुसऱ्यावर गेले तरी वही त्याच्यामागे जाते. अण्णा बराच वेळ गप्प राहिले.

अण्णांची छाती साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळायची. आठवड्याच्या शेवटी बरे वाटायचे. आम्हाला वाटे, सुट्टीत खाण्यापिण्यात काही कमीजास्त झाले असेल. वैद्यकात या लक्षणाला नाव आहे: बिसिनोसिस, कापसाच्या धुळीचा दमा. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी नेमक्या या 'सोमवारच्या' तक्रारीवरून त्याच्या पायऱ्या ठरवल्या. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांत त्याचा अभ्यास केला. कारखाना कायद्यात कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत तो होता. पाळीच्या आधी आणि नंतर माणसाला नळीत फुंकायला लावायचे, एका सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजायचे, आणि फरक लिहून ठेवायचा. धूळ मोजण्याचे यंत्रही होते: हवा उभ्या नळीतून सावकाश वर खेचायची, जड तूस खालीच राहते, बारीक धूळ वरच्या गाळणीवर बसते, तिचे वजन करायचे. म्हणजे मोजायचे ते फुप्फुसात जाणारेच. अमेरिकेने १९७८ साली सूतकताईसाठी दर घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली. पुढे २०१० मध्ये आइसलँडच्या राखेने युरोपचे आकाश बंद पाडले, तेव्हा विमानांसाठी जी सीमा आधी पुढे आली ती दर घनमीटरला २ मिलिग्रॅमची होती. दोन धुळींची तुलना काटेकोर नाही, हे मान्य. तरी फुप्फुस टर्बाइनपेक्षा नाजूक आहे, एवढे त्यातून कळते.

अण्णा पुन्हा कामावर गेले नाहीत. त्यांची गिरणी उघडलीच नाही. पुढे दम वाढला तेव्हा आम्ही भरपाईचा विचार केला. डॉक्टरांनी विचारले, पूर्वीचे फुंकण्याचे आकडे आहेत? खात्यातल्या धुळीच्या नोंदी? पंचवीस वर्षांच्या नोकरीत एकदाही त्यांना नळीत फुंकायला लावले नव्हते. आजार जुना झाला की सुट्टीनंतरच्या दिवसाचा तो फरकही पुसला जातो. दम रोजचाच होतो. मग तो कापसाचा, बिडीचा की वयाचा, हे एका तपासणीतून ठरत नाही. जे वेळेवर मोजले नाही ते नंतर सापडत नाही. १९९१ मध्ये ते गेले. दाखल्यावर कापसाचा उल्लेख नव्हता.

आता आमच्या चाळीसमोर गिरणीच्या जागेवर मनोरा उभा राहतो आहे. सिमेंटची धूळ गॅलरीत येते, दिवाळीत फटाक्यांचा धूर त्यात मिसळतो. खाली काम करणारी पोरे तोंडाला रुमाल बांधून असतात. रुमालाने मोठा कण अडतो, बारीक जातो, हे मी त्यांना सांगतो आणि चांगले मास्क मागा म्हणतो. एकदा त्यांच्या मुकादमाला विचारले, या पोरांच्या छातीची तपासणी करून कुठे लिहून ठेवता का? तो म्हणाला, "काका, ही आज इथे, उद्या दुसऱ्या साइटवर. कोणाचे लिहिणार?"

इंजिनही आज या विमानावर असते, उद्या दुसऱ्या. म्हणूनच त्याची वही त्याच्याबरोबर जाते.