सुई लावण्यापूर्वी

साठी उलटलेल्या गृहस्थाच्या रक्ततपासणीच्या कागदावर 'पीएसए' या अक्षरांपुढील आकडा चाराच्या वर गेला, की घरातील मंडळींचा धीर सुटतो. डॉक्टर बायॉप्सीचा, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचा विषय काढतात. मग कोणी म्हणतो, "आजच उरकून टाका." दुसरा म्हणतो, "सुई लागली की कर्करोग पसरतो, हात लावू देऊ नका." श्रोतेहो, या दोन्ही सल्ल्यांत भीती आहे, विचार एकातही नाही. तो विचार कसा करावा, एवढेच आज मांडावयाचे आहे.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असलेली, तरुणपणी अक्रोडाएवढी ग्रंथी. पीएसए हे तिने तयार केलेले एक प्रथिन असून त्याचा अल्पसा अंश रक्तात उतरतो. उतारवयात ग्रंथी वाढते, कधी तिला सूज येते, कधी लघवीत जंतुसंसर्ग होतो; यांपैकी कोणत्याही कारणाने हा आकडा चढतो. म्हणजे आकडा ग्रंथीचा आहे, कर्करोगाचा नव्हे. तो 4 ते 10 च्या दरम्यान असलेल्या पुरुषांपैकी साधारण चारांत एकाला कर्करोग निघतो. उलट, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आकडा 4 किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांचेही तुकडे तपासले, तेव्हा सुमारे 15 टक्क्यांत कर्करोग आढळला. म्हणून संसर्ग असल्यास तो बरा करून काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे, ही पहिली पायरी. ग्रंथी आकसण्यासाठी फिनास्टेराइडसारखे औषध चालू असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. त्याने आकडा निम्म्यावर येतो आणि फसवतो.

दुसरी पायरी एमआरआयची. पूर्वी ग्रंथीच्या ठराविक जागांतून दहाबारा तुकडे काढीत; रोग नेमका कोठे आहे हे आधी ठाऊक नसे. 2017 साली ब्रिटनमध्ये 576 पुरुषांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले, की आधी एमआरआय केला तर सुमारे चौथ्या हिश्शाची बायॉप्सी टळू शकते. 2018 साली 500 पुरुषांच्या दुसऱ्या अभ्यासात एमआरआयच्या वाटेने गेलेल्यांपैकी 38 टक्क्यांत उपचारयोग्य कर्करोग सापडला, जुन्या पद्धतीने 26 टक्क्यांत. सौम्य कर्करोग मात्र अनुक्रमे 9 आणि 22 टक्क्यांत. एमआरआय स्वच्छ आला म्हणजे पूर्ण हमी मिळाली असे नव्हे. पण शंका पुष्कळ कमी होते.

येथे कोणी विचारील, सौम्य का होईना, कर्करोग सापडला तर बिघडले काय? बिघडते ते असे. प्रोस्टेटचे कित्येक कर्करोग इतके मंद वाढतात, की माणूस अन्य कारणाने जातो आणि रोग तसाच राहतो. ब्रिटनमधील 1643 रुग्णांच्या अभ्यासाचा पंधरा वर्षांचा हिशेब 2023 साली प्रसिद्ध झाला. रोग ग्रंथीपुरताच असलेल्या या रुग्णांपैकी कोणाची शस्त्रक्रिया झाली, कोणाला किरणोपचार मिळाले, कोणावर केवळ नजर ठेवली गेली. या रोगाने मृत्यू पावले ते सारे मिळून सुमारे 3 टक्के, आणि तिन्ही गटांत फारसा फरक नाही. निरीक्षणाच्या गटात रोग दूर पसरण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते, हेही लपवता कामा नये. पण उपचारांची किंमतही मोठी: लघवीवरील ताबा, कामशक्ती, कधी शौचाचा त्रास.

म्हणून खरा प्रश्न असा: उत्तर हाती आल्यावर मी काय करणार? ऐंशी वर्षांचे, हृदय दुबळे झालेले आजोबा, आकडा सहा, बोटाने तपासता ग्रंथी मऊ. त्यांनी थांबणे शहाणपणाचे ठरेल. अठ्ठावन्न वर्षांचा धडधाकट माणूस, वडील याच रोगाने गेलेले, एमआरआयमध्ये संशयास्पद डाग. त्याने टाळाटाळ करू नये. बोटाला कठीण गाठ लागली, आकडा पन्नास-शंभरावर गेला किंवा हाडे सतत दुखू लागली, तर कोणत्याही वयात दिरंगाई महाग पडते.

सुईने कर्करोग पसरण्याची उदाहरणे अत्यंत दुर्मीळ आहेत. ती भीती सोडून द्यावी. खरे धोके निराळे. काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसते. गुदमार्गातून सुई घातल्यास थोड्या रुग्णांना जंतुसंसर्ग होतो. अंडकोश आणि गुदद्वार यांमधील कातडीतून घातल्यास तो धोका कमी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावे. नंतर थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आकडा पुन्हा तपासला का, एमआरआय झाला का, सुई कोणत्या वाटेने घालणार, आणि सौम्य रोग निघाला तर नुसती नजर ठेवता येईल का, हे चार प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला? बहुधा याला चार-सहा आठवड्यांची सवड असते. ती सवड विचारासाठी वापरावी, विसरण्यासाठी नव्हे.