साहाय्यित देशांतर, ब्रिटिश

पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या उपजीविकेची सोय लावण्यासाठी आणि युवकांना साम्राज्यातील स्वयंशासित वसाहतींत स्थायिक करण्यासाठी ब्रिटिश शासनाने अंगीकारलेले धोरण. बेकारीची भीती, वसाहतींतील शेतमजुरांची टंचाई आणि तेथील लोकसंख्या ब्रिटिश वंशाची राहावी ही इच्छा, अशी तीन कारणे त्यामागे होती.

मायदेशातील उपायांत १९१९ ची ‘किंग्ज नॅशनल रोल’ योजना प्रमुख होय. आपल्या कामगारांत ठराविक प्रमाणात, सामान्यतः ५ टक्के, अपंग माजी सैनिक नेमणाऱ्या मालकांची नावे तीत नोंदली जात. योजना ऐच्छिक होती. अशा नेमणुकीचे वैधानिक बंधन १९४४ च्या अपंग व्यक्ती रोजगार अधिनियमाने आले. त्यानुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांसाठी अपंगांचे प्रमाण ३ टक्के ठरविण्यात आले. मात्र ही तरतूद केवळ सैनिकांपुरती नव्हती.

माजी सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांना १९१९ ते १९२२ या काळात विनामूल्य सागरी प्रवास देण्यात आला. सुमारे ८६,००० व्यक्तींनी त्याचा लाभ घेतला. पुढे १९२२ च्या साम्राज्य वसाहत अधिनियमाने ही मदत सर्वसाधारण नागरिकांनाही खुली झाली. प्रारंभीच्या वर्षानंतर दरसाल ३० लाख पौंडांपर्यंत खर्चाची तरतूद होती. तथापि कोणत्याही योजनेच्या निम्म्याहून अधिक खर्च ब्रिटिश शासन उचलत नसे. उरलेला भार वसाहतींची शासने व खाजगी संस्था यांच्यावर पडे.

युवकांच्या योजना ऑस्ट्रेलियात विशेष वाढल्या. न्यू साउथ वेल्समध्ये ‘ड्रेडनॉट’ योजनेखाली १९११ पासून मुले शेतकामासाठी आणली जात. ब्रिटनला युद्धनौका भेट देण्यासाठी जमविलेल्या निधीचा एक भाग तीसाठी वापरला गेला, म्हणून हे नाव पडले. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या ‘बिग ब्रदर’ चळवळीत प्रत्येक मुलासाठी एक स्थानिक प्रौढ पालक नेमला जाई. परंतु शहरात वाढलेल्या मुलांना दूरच्या शेतावरील एकाकी व कष्टाचे जीवन जड जाई. त्यांच्यावरील देखरेखही सर्वत्र सारखी नसे.

जमिनीवर वसविलेल्या सैनिकांची स्थितीही बिकट होती. अपुरे भांडवल, लहान वा निकस जमिनी, शेतीचा अननुभव आणि घसरते भाव यांमुळे अनेकांनी शेती सोडली. ऑस्ट्रेलियातील सैनिक वसाहतींच्या तोट्याचा आकडा न्यायमूर्ती पाइक यांच्या १९२९ च्या अहवालात सुमारे २.३५ कोटी पौंड दिला आहे. १९३० नंतरच्या महामंदीत साहाय्यित प्रवास जवळजवळ थांबला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो पुन्हा सुरू झाला. १९४७ पासून ऑस्ट्रेलियात माजी सैनिकांना विनामूल्य, तर इतर प्रौढांना १० पौंडांत जाता येई.

साम्राज्यासाठी लढलेल्या भारतीय सैनिकांना मात्र या वसाहतींची दारे बंद होती. ऑस्ट्रेलियाच्या १९०१ च्या निर्बंधक कायद्याने आशियाई लोकांच्या स्थलांतरास अटकाव केला होता. त्यांपैकी काहींना पंजाबातील कालव्यांखालच्या जमिनी देण्यात आल्या. सैनिकांच्या सेवेचे मोल ठरविताना वंशभेद आड आला, हे या धोरणाचे ठळक वैगुण्य होय.