बोटांतील विद्या आणि अंतराळ

विद्या बुद्धीत असते की बोटांत, हा वाद आपल्याकडे जुना आहे. पदवी बुद्धीला द्यावी आणि बोटांचे काम कारागिरावर सोपवावे, अशी आपली रीत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ती मोडली. त्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ हा सुमारे १ किलो वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून इतर १९ उपग्रहांसह अंतराळात गेला.

या कामाचा श्रीगणेशा सोल्डरिंगने होतो. वितळलेला धातू जोडावर टेकवला की झाले, असे नवशिक्याला वाटते. वस्तुतः तार आणि तांब्याची पट्टी ही दोन्ही आधी तापली पाहिजेत, मगच धातू त्यांना धरतो. नाहीतर जोड वरून चांगला दिसतो, पण आतून कच्चा राहतो. घरच्या रेडिओतील कच्चा जोड पुन्हा डागता येतो. उपग्रहाला ती सवलत नाही. उड्डाणात त्याला प्रचंड हादरे बसतात. पुढे सुमारे दीड तासाच्या प्रत्येक प्रदक्षिणेत तो उन्हातून सावलीत जातो, आणि तापण्यानिवण्याने प्रत्येक जोड ताणला जातो. तेथे हवा नाही, म्हणून पंख्याने काही निवत नाही. उष्णता धातूतून वाहून न्यावी लागते किंवा प्रारणाने बाहेर टाकावी लागते.

‘स्वयम्’ला दिशा देण्याची युक्तीही पाहण्याजोगी आहे. त्यात कायम चुंबक बसवला होता. होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहतो आणि त्यासाठी वीज लागत नाही. सुई मात्र झोके घेते. ते झोके शमवण्यासाठी चुंबकप्रवण धातूच्या कांड्या ठेवतात. झोक्यांतील शक्ती त्यांत उष्णतेच्या रूपाने जिरते. पुस्तकातील एक समीकरण असे तळहाताएवढ्या यंत्रात उतरले.

कोणी विचारील, एवढे श्रम कशासाठी? तयार उपकरणे बाजारात मिळत नाहीत काय? मिळतात, परंतु ती बिघडली म्हणजे कारण शोधणारी माणसे बाजारात मिळत नाहीत. ती घडवावी लागतात. ‘स्वयम्’चे काम २००८ साली सुरू झाले आणि अभ्यासक्रम तर ४ वर्षांचा. अर्थात ज्यांनी पाया घातला, ते कळस चढण्यापूर्वीच पदवी घेऊन बाहेर पडले. आपल्यामागून येणाऱ्याला आपला जोड तपासता यावा, आपली टिपणे वाचता यावीत, अशा बेताने प्रत्येकाला काम करावे लागले. दुसऱ्याच्या भरवशाला उतरेल असे काम करणे, हा धडा कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही. आपल्या गावच्या शाळेत तो द्यायचा, तर एक मेज, थोडे सुटे भाग आणि चुका करू देणारा शिक्षक एवढ्यावर आरंभ होऊ शकेल.